मे महिन्याचं पाणी

देवेंद्र चौधरी कृषी सहायक म्हणून वसईत रुजू झाला तेव्हा त्याच्या वाट्याला नऊ गावं आली होती. निवृत्तीला चार वर्षं उरली तेव्हाही कागदावर ती नऊच होती, फक्त त्यातल्या चार गावांत शेतकरी शोधायला आता लिफ्टने वर जावं लागे. त्याची स्वतःची पापडी गावातली बागायती वाडी वडिलांच्या मागे पाच भावंडांत वाटली जाऊन बिल्डरकडे गेली होती, आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर तो आणि सावित्री राहत होते. त्याबद्दल तो कधी हळहळला नाही. माझी एक वाडी गेली, पण नऊ गावांच्या वाड्या माझ्याच आहेत, असं तो म्हणे. त्यात गंमत थोडी आणि खरं जास्त असे.

माणूस साधा. भाषण जमत नसे, बैठकीत शेवटच्या रांगेत बसे. पण त्याच्या हातचा पंचनामा म्हणजे दगडावरची रेघ. एका वादळात त्याच्या सख्ख्या मेव्हण्याच्या वाडीत केळी आडव्या झाल्या. देवेंद्रने मोजल्या, साठ भरल्या आणि साठच लिहिल्या. मेव्हण्याने शंभर तरी लिहा म्हणून गळ घातली होती. पुढे दोन वर्षं मेव्हणा घरी आला नाही, आणि सावित्रीने ते निमूट सोसलं. गावांत मात्र म्हणायची पद्धतच पडली, की देवेंद्रने लिहिलं ना, मग झालं.

असा हा माणूस एका मोठ्या कामात ओढला गेला तो २०२१ साली.

देशभरातल्या फळबागांसाठी एक कार्यक्रम आखला जात होता. त्याचं नाव लांबलचक होतं, पण सगळे त्याला 'समूह योजना' म्हणू लागले. जवळजवळची गावं एकत्र करून त्यांचा एक समूह करायचा, एक पीक निवडायचं, रोपं, ठिबक, माल साठवायची शीतगृहं, सगळं एकदम द्यायचं. आणि या वेळी आराखडा दिल्लीत बसून होणार नाही, बांधावरून वर जाईल, असं पहिल्याच बैठकीत सांगण्यात आलं. शेवटच्या रांगेत बसलेल्या देवेंद्रला ते वाक्य भिडलं. तीस वर्षं वरून आलेले कागद तो खाली वाटत आला होता. खालचा कागद वर जाणार, असं कोणी त्याला पहिल्यांदाच सांगत होतं.

आराखडा बांधायचं काम एका खासगी सल्लागार संस्थेला दिलं होतं, आणि तिच्याकडून सुमेध नावाचा एक तरुण आला होता. हुशार, नम्र, कामाला वाघ. दिवसभर हातात टॅब घेऊन उन्हातून फिरे आणि देवेंद्रला 'चौधरी सर' म्हणे. त्याच्याकडे प्रत्येक वाडीसाठी अकरा पानांचा फॉर्म होता. त्यातलं सातवं पान पाण्याचं. विहिरीचं पाणी मे महिन्यात तपासायचं आणि क्षाराचा आकडा तारखेसकट लिहायचा.

देवेंद्रने त्या मे महिन्यात दोनशे बारा विहिरी तपासल्या. पेनाएवढं मीटर, एक बादली, एक दोरी. सकाळी सातला स्कूटर काढायची ती ऊन डोक्यावर येईपर्यंत. त्याला जे ठाऊक होतं तेच मीटर दाखवत होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं. किनाऱ्याकडच्या गावांत पाणी मचूळ झालेलं होतं. घराघरांत चहासाठी बाटलीबंद पाण्याचे कॅन आलेले, कारण विहिरीच्या पाण्यात दूध फाटे. पूर्वी गावोगाव बावखलं असत, पावसाचं गोडं पाणी धरून ठेवणारी मोठी तळी. ती एकेक करून बुजवली गेली होती. त्यात भर म्हणून वर्षानुवर्षं टँकर भरभरून पाणी शहराकडे गेलं, आणि खाली जी जागा रिकामी झाली तिच्यात समुद्र शिरला.

योजनेत क्षाराची मर्यादा बाराशेची होती. दोनशे बारांपैकी एकशे एक्केचाळीस विहिरी तिच्या वर निघाल्या.

सुमेधने ते आकडे निर्मळ गावच्या देवळाजवळ एका चहाच्या टपरीवर बसून टॅबमध्ये घालून पाहिले. सगळ्या गावांवर लाल रंग चढला.  मग त्याने हलक्या आवाजात समजावलं. निम्म्याहून जास्त विहिरी लाल असल्या की समूह बाद होतो. पैसा दुसऱ्या जिल्ह्यात जाईल. दहा वर्षांचा कार्यक्रम आहे, तेव्हा पुढची दहा वर्षं इकडे कोणी पाहणार नाही.

"आणि बावखलं?" देवेंद्रने विचारलं. आराखड्याच्या मसुद्यात दुसऱ्या वर्षी जुनी बावखलं साफ करायचं काम धरलेलं होतं. ते त्यानेच धरायला लावलं होतं.

"समूहच नसेल तर बावखलं कुठली, सर?" सुमेध म्हणाला. "मी तुम्हाला काही सांगत नाही. फॉर्म सप्टेंबरअखेरपर्यंत उघडा आहे, एवढंच."

देवेंद्र तीन महिने त्या शेवटच्या वाक्याभोवती फिरत राहिला. पाऊस भरपूर झाला. सप्टेंबरात त्याने पुन्हा मीटर, बादली आणि दोरी घेतली आणि त्याच दोनशे बारा विहिरींवर गेला. या वेळी फक्त एकोणीस विहिरी मर्यादेच्या वर होत्या.

फॉर्म भरायला घरी सावित्री मदत करत असे. जेवणाच्या टेबलावर बसून ती वहीतले आकडे वाचे आणि तो कार्यालयाच्या लॅपटॉपवर भरे. त्या संध्याकाळी पाच-सहा विहिरी झाल्यावर ती थांबली.

"अहो, तारीख चुकतेय. वहीत सप्टेंबर आहे, तुम्ही मे टाकताय."

"चुकत नाहीये," देवेंद्र म्हणाला.

सावित्रीने त्याच्याकडे पाहिलं. मेव्हण्याच्या साठ केळी तिला आठवल्या असतील, कारण मेव्हणा म्हणजे तिचाच भाऊ. पण ती चष्मा सारखा करून पुढचा आकडा वाचू लागली, आणि सगळ्या दोनशे बारा संपेपर्यंत तिने पुन्हा मान वर केली नाही.

देवेंद्रने स्वतःची समजूत घातली ती अशी. आकडा एकही खोटा नाही, मीटरने दाखवला तोच लिहिला आहे. फक्त तारीख मागची आहे. आणि योजना आली की बावखलं साफ होतील, पाणी मुरेल, तिसऱ्या वर्षी मे महिन्यातही हाच आकडा येईल. मग तारीखसुद्धा खोटी राहणार नाही. आपण थोडं आधी लिहिलं, इतकंच.

समूह मंजूर झाला. पीक ठरलं ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत रोपं तयार केलेली केळी, जिला शेतकरी जी-नाइन म्हणतात. एका सभागृहात कार्यक्रम झाला, फेटे बांधले गेले. निवडलेल्या चाळीस बागायतदारांत निर्मळचा ऑस्कर तुस्कानो होता.

ऑस्कर आणि देवेंद्र यांची ओळख वीस वर्षांची. दोघांच्या घरच्या बोली वेगळ्या, पण एकमेकांची बोली दोघांनाही येई आणि बोलताना ते दोन्हींची सरमिसळ करत. ऑस्करच्या वाडीत त्याच्या वडिलांनी लावलेली राजेळी केळ होती, सुकेळी करतात ती. तालुक्यात राजेळी आता बोटांवर मोजण्याइतक्या वाड्यांत उरली होती. उत्पन्न बेताचं, पण त्या मचूळ पाण्यावरही ती तग धरून होती. पिढ्यान् पिढ्या त्याच मातीतले मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारे कोंब, लावत गेल्याने ती सरावली होती म्हणा. ऑस्करची आई ऐंशीच्या घरात होती. दर हंगामात अंगणात मांडवावर केळी सुकवायची आणि पहिली सुकेळी देवेंद्रच्या घरी पाठवायची.

ऑस्करचा मुलगा एल्रॉय प्रवासी बोटीवर स्वयंपाकी होता. त्या वर्षी तो सुटीवर आला होता आणि परत जायचं की नाही या विचारात होता. समूह योजनेची पुस्तिका त्याने अख्खी वाचून काढली. इकडे एकराला एवढं निघणार असेल तर बोटीवर कशाला मरायचं, असं तो घरात बोलू लागला. मग एक दिवस ऑस्करने देवेंद्रला बोलावून घेतलं. वाडीत राजेळीच्या सावलीत तिघे उभे होते.

"त्या पुस्तकाचं राहू दे," ऑस्कर म्हणाला. "देवेंद्र, तू सांग. ही केळ आमच्या पाण्यावर येईल?"

देवेंद्रला नाही म्हणता आलं असतं. इतकंच म्हणता आलं असतं, की बावखल साफ होईपर्यंत थांब. पण चाळिसांतला एक थांबला की बाकीचे विचारणार, का थांबला.

"येईल," तो म्हणाला.

आठवड्याभरात ऑस्करने राजेळी काढली. गड्डे खणून मुनव्यांसकट ट्रॅक्टरने बाहेर नेले. आईने फार आरडाओरडा केला नाही, पण ती त्या दिवशी जेवली नाही. एल्रॉयने बोटीच्या कंपनीला नाही म्हणून कळवलं.

जूनमध्ये रोपं लागली. पावसाळाभर अशी वाढली की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. फेब्रुवारीत केळफुलं निघाली. सुमेध खास येऊन फोटो काढून गेला, आणि एल्रॉयचा हसरा चेहरा योजनेच्या माहितीपत्रकावर छापून आला. देवेंद्र त्या काळात वाडीवरून जाताना उगाच स्कूटर थांबवी. आपण बरोबर केलं, असं त्याला खरोखरच वाटू लागलं होतं.

मार्चमध्ये पानांच्या कडा पिवळ्या पडल्या. एप्रिलमध्ये त्या करपल्या, जणू कोणी मेणबत्ती फिरवली. लोंगरं, म्हणजे केळीचे घड, भरेनात. केळी बोटाएवढी राहिली, काळपट पडली. एल्रॉयने ठिबकचं पाणी वाढवलं. जितकं पाणी जास्त तितका क्षार जास्त, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मेच्या पहिल्या आठवड्यात झाडं मधोमध मोडून पडायला लागली. चाळिसांपैकी एकतीस वाड्यांत तीच गत झाली.

देवेंद्रने सुमेधला फोन लावला. बावखलांचं काम लगेच सुरू करायला सांगा, म्हणाला. दुसरं वर्ष लागलं आहे. सुमेध आता दुसऱ्या राज्याचा आराखडा करत होता. त्याने कागद पाहून सावकाश उत्तर दिलं.

"सर, ते काम वगळलं गेलंय. जिथे पाणी खराब आहे त्या समूहांना ती कामं दिलीत. तुमच्या भागाचं पाणी चांगलं आहे ना, म्हणून ते प्राधान्यात बसलं नाही."

 

दोन दिवसांनी एल्रॉय देवेंद्रच्या घरी आला. त्याने स्वतः एक मीटर मागवलं होतं. विहिरीच्या पाण्याचा त्याने काढलेला आकडा दोन हजार तीनशे पन्नास होता. दुसऱ्या हातात आराखड्याचं एक पान होतं, संकेतस्थळावरून उतरवलेलं. विहीर क्रमांक सत्त्याऐंशी, मे २०२१, सहाशे चाळीस.

"अंकल, दोन वर्षांत एवढं कसं वाढलं?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात संशय नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"खालून समुद्र चढतोय," देवेंद्र म्हणाला.

हे खोटंही नव्हतं. एल्रॉय मान हलवून गेला. सावित्रीने दिलेला चहा तसाच राहिला होता. तो बेसिनमध्ये ओतताना ती म्हणाली, "हा पोरगा आता ही गोष्ट सगळ्यांना सांगेल. तुमच्यावर विश्वास ठेवून सांगेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवेंद्र निर्मळला गेला. ऑस्कर पडलेली झाडं कोयत्याने तोडून ढीग करत होता. देवेंद्रने त्याला सगळं सांगितलं. मेचे आकडे, सप्टेंबरचे आकडे, तारीख, बावखलं, काहीच लपवून ठेवलं नाही. सांगताना तो उभाच होता, कारण ऑस्करने बस म्हटलं नाही.

ऑस्करने ऐकून घेतलं. कोयत्याचं पातं त्याने एका खोडाला पुसलं.

"योजना आली नसती तर चाललं असतं," तो म्हणाला. "आमचं काय अडलं होतं? पण मी तुला विचारलं होतं. पुस्तकाला नव्हतं विचारलं."

देवेंद्रने खाली पडलेलं एक करपलेलं पान उचललं.

"मला सांगून काय उपयोग? ज्यांना खोटं लिहून दिलंस त्यांना सांग," ऑस्कर म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकून तोडायला लागला.

पुढच्या जानेवारीत पुण्याला बैठक झाली. कार्यक्रमाचा दुसरा टप्पा आखायचा होता, म्हणून पहिल्या टप्प्यातल्या समूहांची माणसं बोलावली होती. दिल्लीचे अधिकारी होते, विद्यापीठातले लोक होते. वसईच्या समूहाचं सादरीकरण झालं, त्यात रोगामुळे अंशतः नुकसान असं एक वाक्य होतं. प्रश्न आहेत का, असं विचारल्यावर शेवटच्या रांगेतून देवेंद्र उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो अशा बैठकीत बोलत होता. रोग नव्हता, तो म्हणाला. पाणी होतं. आणि पाण्याचे आकडे मी चुकीच्या तारखेने भरले. त्याने दोन्ही वह्या सोबत आणल्या होत्या. त्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

 मग अध्यक्षस्थानी असलेल्या बाईंनी त्याचे आभार मानले, नोंद घेतली जाईल म्हणाल्या आणि पुढच्या जिल्ह्याला बोलावलं. जेवणाच्या वेळी देवेंद्रच्या टेबलावर कोणी बसलं नाही. एक म्हातारे प्राध्यापक ताट घेऊन जाताना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुम्ही एकटे नाही हो. तुम्ही एकटे बोललात." आणि पुढे गेले.

चौकशी लागली. ती सव्वा वर्ष चालली आणि त्यात त्याची एक वेतनवाढ रोखली गेली. त्याचं त्याला काही वाटलं नाही. पण चौकशीबरोबर समूहही रद्द झाला. ज्या नऊ वाड्यांत केळी वाचली होती, त्यांची पुढची मदत थांबली. कामणला शीतगृहासाठी घेतलेली जागा एका कुरिअरवाल्याचं गोदाम झाली. नऊ जणांनी देवेंद्रला रस्त्यात गाठून विचारलं, की आमचं चाललं होतं ते का मोडलंस. एकतीस जण काहीच बोलले नाहीत. एका गावात ग्रामसभा चालू असताना तो आत आला, तेव्हा माणसं खुर्च्या सरकवून थोडी लांब बसली.

एल्रॉयला खरं कळलं ते बापाकडून. त्यानंतर तो दोन महिने राजेळीचे मुनवे शोधत फिरला, निर्मळपासून थेट डहाणूपर्यंत. एका ठिकाणी दहा मिळाले. ते लावले, पण वाडीतली माती आता खारावली होती, तीन जगले. मग त्याने बोटीच्या कंपनीला पुन्हा लिहिलं. जुनी जागा भरलेली होती. त्याला भांडी धुण्याच्या विभागात घेतलं आणि तो गेला. ऑस्करची आई त्या पावसाळ्यात वारली. देवेंद्र आणि सावित्री चर्चमध्ये मिस्साला गेले, मागच्या बाकावर बसले. बाहेर पडताना ऑस्करच्या बायकोने सावित्रीचा हात हातात घेतला. ऑस्करने देवेंद्रला हात जोडले, परक्या माणसाला जोडतात तसे. पुढे वर्षभरात त्याने रस्त्याकडची अर्धी वाडी लग्नाच्या लॉनसाठी देऊन टाकली.

देवेंद्र २०२५च्या मेअखेर निवृत्त झाला. निरोप समारंभ नको म्हणाला, आणि कोणी फारसा आग्रहही केला नाही. त्याच्या जागी सुरुची नावाची मुलगी आली होती, सांगलीकडची, कृषी पदवीधर, पहिलीच नेमणूक. चार्ज घ्यायला ती त्याच्या टेबलाशी बसली, तेव्हा त्याने तिला गावांचे नकाशे दिले, बागायतदारांचे फोन दिले आणि शेवटी एक जाड वही काढली. पुण्याहून आल्यावर दोन्ही वर्षी मे महिन्यात तो सुटीच्या दिवशी विहिरी तपासत होता. कोणी सांगितलं नव्हतं. कोणी तपासू देई, कोणी दारातूनच परत पाठवी. ऑस्करच्या विहिरीचा आकडा त्यात नव्हता. तिथे तो गेलाच नव्हता.

"दुसऱ्या टप्प्याचा फॉर्म आला असेल ना तुमच्याकडे," तो म्हणाला. "सातव्या पानावर पाण्याचं आहे. तिथे हे भरा. तारखा खऱ्या आहेत."

सुरुचीने टॅब उघडला, पानं वर-खाली केली.

"सर, नवीन फॉर्म सहाच पानांचा आहे," ती म्हणाली. "पाण्याचं पान नाहीये त्यात."

देवेंद्रने टॅब हातात घेऊन स्वतः पाहिलं. जमीन, पीक, सदस्यांची नावं, बँक खातं, फोटो, सही. त्याने ते दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"का काढलं असेल?" सुरुचीने विचारलं.

"मागच्या वेळी त्यावरून भानगड झाली होती," तो म्हणाला.

वही ठेवू का, असं तिने अदबीने विचारलं. त्याने हो म्हटलं. तिने ती पिशवीत घातली आणि घड्याळ पाहिलं. दुपारपर्यंत तिला तीन गावांचे फॉर्म भरायचे होते आणि रस्ता माहीत नव्हता. देवेंद्र तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेला आणि निर्मळकडे जाणारी वाट हाताने दाखवली.